ठिपक्याएवढे बाबा

“बाबा कुठं गेले?” वंदनाताईंनी विचारलं.

मशीनवरून नुकताच उतरलेला पहिला ताव त्यांच्या हातात होता. शाई अजून ओली होती. मी ब्रश धूत धूत म्हणालो, “घरी नाहीत काय? बघा, दूध आणायला गेले असतील.”

त्यांनी ताव टेबलावर पसरला आणि नवव्या पानावर बोट ठेवलं. तिथं आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्याची गल्ली होती, तलावाच्या कडेनं जाणारा रस्ता होता, आणि रस्त्याच्या टोकाशी काहीच नव्हतं. स्वच्छ, कोरं, अगदी माझ्या हाताला शोभेल असं.

“इथं होते,” त्या म्हणाल्या. “इथं माझे बाबा होते.”

नोकरीत मी पुष्कळ गोष्टी पुसल्या. कोणाचा बाप पुसायची ही पहिलीच वेळ.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे गुन्हा समजेल. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मी कॅमेरामन होतो. कॅमेरामन म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो. माझ्या सासुरवाडीला अजून तोच गैरसमज आहे आणि मी तो दूर केलेला नाही. माझा कॅमेरा कपाटाएवढा, जागचा न हलणारा. त्याच्यापुढे चित्र लावायचं आणि मोठ्या फिल्मवर त्याचा फोटो काढायचा. ही झाली निगेटिव्ह. चित्रात जे काळं ते तिच्यावर पारदर्शक, जे पांढरं ते काळं. निगेटिव्हवरून प्लेट, प्लेटवरून छपाई.

गोची असते धुळीची. धुळीचा कण जिथं बसला तिथं निगेटिव्हवर सुईच्या टोकाएवढं उजेडाचं भोक राहतं. त्याला पिनहोल म्हणतात. ते तसंच सोडलं तर कागदावर काळा ठिपका छापला जातो. म्हणून निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवायची, म्हणजे खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावर, आणि बारीक ब्रशनं एकेक भोक बुजवायचं. बुजवायच्या त्या लालसर लेपाला ओपेक म्हणतात.

हे काम करताना माणूस जागा असतो की झोपेत, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. बाहेर बारा वाजताचं ऊन असायचं, शहर तव्यासारखं तापलेलं. माझ्या खोलीत मात्र अंधार, आणि अंधारात ते एक उजेडाचं टेबल. निगेटिव्हमधलं जग उलटं. तिथं दुपारीसुद्धा आभाळ काळं असतं. माणसं उजेडाच्या रेघांची असतात. त्यांचे केस पांढरे, कपाळावरचं कुंकू पांढरं. वरच्या झरोक्यातून तलावाच्या पाण्याची तिरीप छतावर हलत राहायची, आणि मी पाण्याखाली बसून चांदण्या विझवतोय असं वाटायचं. तास कसे जायचे कळत नसे. चित्र कशाचं आहे तेही कळत नसे. मला चित्र दिसायचंच नाही, फक्त भोकं दिसायची.

त्यात नवं राज्य झालेलं. रायपूर राजधानी झालं आणि सगळ्या प्रेसचं नशीब उघडलं, कारण सरकारचा प्रत्येक कागद नव्यानं छापायचा होता. प्रत्येक फॉर्मवर, पाकिटावर, पावतीवर ‘मध्य प्रदेश’ होतं, तिथं आता ‘छत्तीसगढ़’ हवं होतं. जुन्या निगेटिव्हवर ब्रश फिरवला की एक राज्य गायब. मग त्या जागी नव्या नावाचा तुकडा चिकटवायचा. दिवसाला चाळीस वेळा मी हे करत असे. एका खात्याच्या लेटरहेडवर जुनं नाव पुसलं आणि नवं लावायलाच विसरलो. दोन दिवस ते खातं कोणत्याच राज्याचं नव्हतं. काम मात्र नेहमीसारखंच चाललं होतं म्हणे.

त्याआधी एका लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा डोळा मी धूळ समजून बुजवला होता. पत्रिका वाटून झाल्यावर वरबापाच्या लक्षात आलं. लग्न टिकलं, म्हणून मीही टिकलो.

तर अशा माझ्या हातात वंदनाताईंचं पुस्तक आलं.

वंदनाताई एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. घर जवळच, तलावाच्या पलीकडे. आमच्यासारखीच विदर्भातून आलेली माणसं. वडील रेल्वेत तिकीट कलेक्टर आणि युनियनचे कार्यकर्ते. आणीबाणी लागली तेव्हा वंदनाताई आठ वर्षांच्या होत्या. एका सकाळी जीप आली, वडील चहा अर्धा ठेवून गेले आणि दीड वर्षानं परत आले. आईनं पोरीला सांगितलं, बाबांची बिलासपूरला बदली झाली. जे घरात बोलायचं नव्हतं ते सगळं त्या पोरीनं पाहिलं, आणि पस्तिशीत चौसष्ट पानांच्या चित्रांतून सांगितलं. चित्रकथेसारखे चौकोन, पण गोष्ट स्वतःची. शब्द अगदी कमी. आई चुलीत कागद घालते. शेजारची काकू कढीचं भांडं पाठवणं बंद करते. रेडिओ लागला की घरातली माणसं गप्प होतात. शाळेत शिस्तीवर निबंध लिहायला सांगतात आणि हिला पहिला नंबर मिळतो. परत आलेले बाबा मात्र त्या दिवसांबद्दल कधी एक अवाक्षर बोलले नाहीत.

चित्रं देताना त्या म्हणाल्या होत्या, “प्रल्हाद भैया, बाबांचा एक डोळा काचबिंदूनं गेला. दुसराही जाऊन राहिला. सोमवारी नागपूरले ऑपरेशन आहे, पण डॉक्टर काही खात्री देत नाही. त्याच्या आधी पुस्तक त्यांच्या हाती पडलं पाहिजे. त्यांनी एकदा पाहावं, बस.”

“पडून जाईल ताई,” मी म्हणालो. “तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

चित्रं हातकागदावर होती, गोल बाज़ारात मिळतो तसल्या खरखरीत. त्या कागदाला अंगचेच डाग, धागे, ठिपके. एका पानावर जेलमधून आलेलं पत्र होतं, त्यातल्या चार ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या. मी विचारलं, “या खराब झाल्या काय? साफ करू?”

“नाही नाही! त्या जेलवाल्यांनी काळ्या केल्या होत्या. तशाच राहू द्या.”

मी त्या पट्ट्यांना हात लावला नाही. एवढं समजलं म्हणून स्वतःवर इतका खूश झालो की उरलेलं काही विचारायचं सुचलंच नाही.

मग निगेटिव्ह निघाल्या आणि मी हादरलो. एकेका पानावर वीस-पंचवीस पिनहोल. आभाळात, भिंतीवर, दुधाच्या गिलासात, फळ्यावर. मी मनात त्या हातकागदाला शिव्या दिल्या, खुर्ची ओढली आणि तीन दुपारी चांदण्या विझवल्या. एकही सोडली नाही. चौसष्ट पानं इतकी स्वच्छ झाली की मी स्वतः सेठजींना बोलावून दाखवली. सेठजी म्हणजे आमचे मालक. ते म्हणाले, “वाह परलाद, मक्खन!”

आणि आता मंगळवारी दुपारी वंदनाताई मला सांगत होत्या की नवव्या पानावर जीप दूर जाते. एका चौकोनात बाबा अंगठ्याएवढे, पुढच्यात तिळाएवढे, शेवटच्यात नुसता ठिपका. आणि त्यानंतर प्रत्येक पानावर तो ठिपका कुठं ना कुठं असतो. दुधात, फळ्यावर, तलावाच्या पाण्यात. पोरगी जिथं पाहील तिथं. अठ्ठावन्नाव्या पानावर तो मोठा व्हायला लागतो, आणि बाबा घरी येतात.

“तुम्ही सांगितलं नाही, ताई,” मी कसंबसं म्हणालो.

“सांगायचं काय त्याच्यात? मले वाटलं, दिसते.”

सेठजी आवाज ऐकून आत आले. ताव उचलला, उजेडात धरला. “क्या कमी है इसमें, दीदी? एक दाग नहीं है.”

“वही तो,” वंदनाताई म्हणाल्या. “दीड वर्ष सरकारनं त्यांना गायब केलं होतं. बाकीचं प्रल्हाद भैयानं केलं.”

त्या हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही. डोळ्यांत पाणी होतं.

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीत अशा नजरा ओळखता येतात. “सुन परलाद. परसों शाम से मशीन पर सरकारी फॉर्म चढ़ेंगे, तीन हफ्ते के लिए. कल शाम तक निगेटिव सुधार दे तो परसों सुबह किताब छाप दूँगा. नहीं तो तीन हफ्ते बाद.”

तीन आठवड्यांनी पुस्तक निघालं असतं. ते पाहायला डोळा उरला असता की नाही, ते कोणी सांगू शकत नव्हतं.

आता ओपेकचा एक गुण आहे. तो पाण्यानं निघतो. ओल्या कापसानं पुसला की भोक पुन्हा उघडतं. मी लगेच एका निगेटिव्हवर कापूस फिरवला, आणि चूक किती मोठी आहे ते तेव्हा कळलं. बाबा परत आले, पण धूळही परत आली. वीस-पंचवीस ठिणग्या लुकलुकत होत्या, सगळ्या एकसारख्या. त्यातले बाबा कोणते?

“मूळ चित्राशी ताडून पाहू,” वंदनाताई म्हणाल्या. “मी उद्या सुट्टी टाकते.”

बुधवारी सकाळी त्या आल्या, सोबत वडील. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. ऐंशीच्या घरातला उंच, वाकलेला माणूस, पांढरा सदरा, हातात काठी. एका हातानं भिंत चाचपत आले. मी म्हणालो, “या काकाजी, बसा.” त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान हलवली. वंदनाताई माझ्या कानाशी पुटपुटल्या, “त्यांना सांगितलं, शाळेच्या वार्षिक अंकाचं काम आहे. पुस्तकाचं काही माहीत नाही त्यांना. दाखवायचं तर पूर्ण झालेलं.”

काकाजींना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. आम्ही दोघं टेबलावर वाकलो. त्या मूळ चित्र पाहून सांगायच्या, “पान सोळा. गिलासाच्या काठापासून बोटभर खाली.” मी निगेटिव्हवर ती जागा शोधायचो आणि तिथं चार भोकं निघायची. हातकागदाच्या डागांनी घोटाळा केला होता. मूळ चित्रातसुद्धा काही ठिकाणी शाई कुठली आणि डाग कुठला, ते त्यांनाच आठवेना. बारा वाजेपर्यंत नवव्यापासून सात पानं झाली. राहिली एकोणपन्नास.

“नाही होणार,” वंदनाताई हळूच म्हणाल्या.

डोळ्यांसमोर ठिणग्या पोहत होत्या. छतावर तलावाची तिरीप हलत होती. त्या गुंगीतच मला जाणवलं की काकाजी स्टुलावर नाहीत. ते टेबलाशी उभे होते. अगदी वाकून, नाक काचेला लागेल इतके जवळ.

“हे मले दिसून राहिलं,” ते म्हणाले.

वंदनाताई दचकल्या. “काय दिसते, बाबा?”

“भोकं. कागदावरचं मले काही दिसत नाही. हे दिसते. मागं उजेड आहे ना.” त्यांनी बोट ठेवलं. “हे पंचाचं आहे. बाकीची फाटकी.”

“पंचाचं म्हणजे?” मी विचारलं.

“अजी, तुम्ही काय करून राहिले सकाळपासून? भोक पाहा ना. हे गोल आहे, काठ साफ. कोणीतरी मुद्दाम पाडलं. हे बाकीचे आपोआप पडले, म्हणून काठ कुरतडलेले.” मग थोडं थांबून म्हणाले, “गत्त्याची तिकिटं होती, जाड पुठ्ठ्याची. पंच केलं की भोक पडे. स्टेशन बदललं की भोकाचा आकार वेगळा. तिकीट उजेडात धरलं की मी सांगायचो, हा कुठं चढला. फुकट्यानं घरी खिळ्यानं पाडलेलं भोक तर एका नजरेत. आयुष्य गेलं माझं भोकं पाहण्यात.”

माझंही गेलं होतं. पण मी भोकं बुजवली, त्यांनी वाचली. मी आयग्लास लावलं. ते डोळ्याला लावायचं जाड भिंग असतं. काकाजींचं बरोबर होतं. निबच्या शाईचा ठिपका गोल, धुळीचा दातेरी. वीस वर्षांत हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण पाहायच्या आधीच ब्रश टेकलेला असायचा.

मी मूळ चित्राशी ताडून पाहिलं. गिलासाच्या काठापासून बोटभर खाली. तेच भोक.

त्यानंतर काम असं चाललं: मी निगेटिव्ह ठेवायची, काकाजींनी बोट फिरवायचं, “हे,” म्हणायचं. मी बाकीची बुजवायची. वंदनाताई मूळ चित्रावर खूण पटवायच्या. एकदाही चूक नाही. शाळेच्या वार्षिक अंकाचा विषय कोणी काढला नाही.

तेविसाव्या पानावर काकाजींचं बोट थांबलं. तिथं तलाव होता, निगेटिव्हमध्ये काळाभोर, आणि मधोमध एकच ठिणगी.

“हा तलाव आपला काय?”

“हव, बाबा.”

“आणि हे भोक काय आहे, पोट्टे?”

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून ब्रश पुसायला लागलो. तो आधीच पुसलेला होता.

“तुम्ही आहा, बाबा.”

मग काकाजी म्हणाले, “बरोबर आहे. पहिले तीन महिने मी इथंच होतो. गावातल्याच जेलात. मग दुसरीकडे नेलं.”

“इथं? आई तर बिलासपूर म्हणायची.”

“तसं सांगायले तिले मीच म्हटलं होतं. तुले कळलं असतं तर तू चालत आली असती.” त्यांनी बोट त्या ठिणगीवरून हलवलं नाही. “सकाळच्या गाडीची शिट्टी यायची. तुमच्या कानावर पण पडत असेल. मी रोज म्हणायचो, आता पोट्टी उठली. आता दूध पिऊन राहिली.”

दुधाच्या गिलासात ठिपका होता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मघाशी त्यांनी बोट ठेवलं होतं, पण तेव्हा ते फक्त भोकं पाहत होते, दूध नाही. वंदनाताई उठल्या आणि डार्करूमच्या काळ्या पडद्याआड गेल्या. काही वेळ आल्या नाहीत. तिथं माझी केमिकलची ट्रे होती, त्यात त्यांची ओढणी पडली हे मला वासावरून कळलं. त्या दिवशी बोलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

काकाजी मात्र बोलत राहिले. पान येईल तसे. कोण सोबत होतं, कोण रडायचं, कोणी भिंतीवर तारखा ओढल्या आणि मोजणं चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पत्रातल्या काळ्या पट्ट्यांचं पान आलं तेव्हा वंदनाताईंनी विचारलं, “बाबा, या चार ओळींत काय लिहिलं होतं?”

“काही नाही ओ. वांग्याची भाजी खराब असते, एवढंच. ते पण कापलं.”

इतक्या वर्षांच्या रहस्याचा असा निकाल लागला. वंदनाताई हसल्या, मग मीही हसलो, मग सेठजी डोकावून म्हणाले, “काम हो रहा है कि पिक्चर चल रही है?”

एकतिसाव्या पानावर शाळेचं छप्पर होतं. काकाजींनी गोल भोक दाखवलं, फळ्यावरचं. मी बाकीची बुजवायला घेतली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “छपरावरचं राहू द्या.”

मी भिंगातून पाहिलं. “काकाजी, हे फाटकं आहे. धूळ आहे ही. तुम्हीच शिकवलं.”

“हव, धूळच आहे. पण तारखेला कोर्टात नेत तेव्हा गाडी तिच्या शाळेवरून जाई. जाळीतून फक्त छप्पर दिसे. राहू द्या.”

मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी ब्रश खाली ठेवला. नोकरीत जाणूनबुजून सोडलेली ती माझी पहिली धूळ.

साडेपाचला चौसष्टावी निगेटिव्ह झाली. गुरुवारी सकाळी नव्या प्लेटा चढल्या, दुपारपर्यंत छपाई झाली, आणि संध्याकाळी त्याच मशीनवर सरकारी फॉर्म चढले. शनिवारी बांधलेल्या पहिल्या प्रती मी स्वतः नेऊन दिल्या. काकाजींनी पुस्तक हातात घेतलं, पानांवरून तळवा फिरवला, वास घेतला. “चांगलं छापलं,” म्हणाले. “दिसत काही नाही.”

सोमवारी ऑपरेशन झालं. फार उपयोग झाला नाही. उजेड आणि अंधार एवढं कळायचं, बाकी धूसर. काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पुस्तक कपाटात होतं. खिडकीच्या काचेला मात्र एक निगेटिव्ह चिकटवलेली होती. तेविसावं पान. छपाई झाल्यावर वंदनाताईंनी मागून नेली होती. दुपारचं ऊन मागून आलं की काळ्या तलावात एक ठिणगी पेटायची. काकाजी खुर्ची ओढून समोर बसत. कोणी विचारलं तर म्हणत, “मले मी दिसून राहिलो.”

यातून मी एवढंच शिकलो की ब्रश टेकवण्याआधी विचारावं. साधी गोष्ट आहे. पण ती शिकल्यापासून माझ्या कामाला दुप्पट वेळ लागायला लागला. पावती असो, पाकीट असो, निवडणुकीचं पत्रक असो, एखादा ठिपका गोल दिसला की मी निगेटिव्ह घेऊन सेठजींच्या टेबलाशी जायचो. मी रिटायर होईपर्यंत ते चष्म्यावरून पाहून एकच विचारत राहिले, “क्यों परलाद, ये भी किसी के पिताजी हैं क्या?”

बहुतेक वेळा ती धूळच असायची.